विमानाशेजारची मोटारसायकल

मंगळवारी दुपारी माझे पती दवाखान्यात वारले. कावीळ झाली होती. बुधवारी माणसं स्मशानातून परत आली, आंघोळी झाल्या, आणि संध्याकाळी सासूबाईंनी मला विचारलं, "त्याचा फोटू कुठं हाय?"

फोटो म्हटले तर घरात खूप होते. कपाटात बुटांची दोन खोकी भरून होते. पण त्यांतल्या एकातही हे दिसत नव्हते. असं कसं झालं ते समजायचं तर आधी विमानाबद्दल सांगायला हवं.

नगरहून केडगावकडे जाताना, रस्त्यापासून थोडं आत, छात्रसेनेच्या मुलांना दाखवण्यासाठी एक विमान आणून ठेवलं होतं. महायुद्धाच्या काळातलं, नाकावर पंखा असलेलं, दोघांनी बसायचं. चाकांतली हवा गेल्यामुळे पोटाखाली विटा रचल्या होत्या आणि इंजिनाच्या तोंडात चिमण्यांनी काड्या भरल्या होत्या. मुलांनी पाहून घेतलं, नंतर ते तिथेच राहिलं. त्याच्याशेजारी आपली गाडी उभी करून फोटो काढायची रीत कुणी पाडली ते मला माहीत नाही. माझं लग्न झालं तेव्हा ती पडलेलीच होती. दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली की झेंडूच्या माळांसकट लोक तिकडे जात. नेवाशाकडचेही येत. एरवी रविवारी सकाळी आमचे तिघे ठरलेले: हे, यांचे वायरमन मित्र आणि एक कापडदुकानदार. यांची आणि वायरमनांची एकेक मोटारसायकल, दुकानदारांची स्कूटर. कॅमेरा वायरमनांचा.

मी यांच्या मागे बसून जात असे. वाचनालयात नोकरी होती, रविवारी सुट्टी. विमानाच्या पंखाखाली सावली पडायची, तिथे पुस्तक घेऊन बसायचं, सावली सरकली की आपणही सरकायचं. गाड्यांचं मला काही कळत नसे. तिघं फडक्यांनी टाक्या पुसत, चाकाच्या आऱ्यांतून चिंधी फिरवत, आणि मग कोन ठरवण्यावरून तासभर वाद घालत. अशा वेळी माझी पुष्कळ पानं वाचून होत.

त्यांचा एक नियम होता: फोटोत माणूस नको. पहिल्या रोलमध्ये दुकानदार स्कूटरच्या बाजूला कमरेवर हात ठेवून उभे राहिले होते. फोटो धुऊन आला तेव्हा हे म्हणाले, "शेठ, गिऱ्हाईकाची वाट बघताय होय? विमान विकताय का स्कूटर?" तेव्हापासून माणसं बंद. एका रोलमध्ये बाराच फोटो निघत, आणि त्यांतला एकही माणसावर घालवायचा नाही, यावर तिघांचं एकमत होतं. मी एकदा यांना म्हटलं, तुमचा एक काढून घ्या ना. तर म्हणाले, "मी काय, रोजच आहे."

एका दसऱ्याला श्रीगोंद्याकडचा एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. पुढे ऊस बांधलेला, चाकांना हळदकुंकू. दुकानदारांना ते पटलं नाही.

"अहो, ट्रॅक्टर म्हणजे अवजार. इथे फक्त गाड्या."

"आन हे इमान काय वरातीला काढलं हुतं का?" तो म्हणाला. "ते बी लढाईचं अवजारच हाय की."

वायरमन हसत खाली बसले. हे म्हणाले, "शेठ, हरलात. सरका." ट्रॅक्टरचा फोटो निघाला. फक्त एवढं सांगावं लागलं की, पाव्हणं, तुम्ही खाली उतरा. तो उतरायला तयार नव्हता. मालकाशिवाय ट्रॅक्टर म्हणजे चोरीचा वाटंल, म्हणाला. शेवटी चाकामागे लपून बसला.

दुष्काळाच्या वर्षी तिथे गवत उगवलंच नाही. फोटोंत गाड्यांची चाकं जमिनीपर्यंत पूर्ण दिसू लागली. वायरमन कॅमेऱ्यातून बघत म्हणाले, "यंदा फोटो छान येणार," आणि लगेच गप्प झाले. त्यांच्या गावच्या विहिरींना पाणी नव्हतं.

ती काळी जमीन. पाऊस असला की स्टँड रुतायचा आणि नसला की भेगांत जायचा. गाडी कलली की फोटोत वाईट दिसे, म्हणून कुणीतरी पलीकडून ती धरून बसायचं. हे काम यांचं. अंगाने बारीक होते, चाकामागे मावत. स्वतःची, मित्रांची, दसऱ्याला आलेल्या अनोळखी माणसांची, सगळ्यांची गाडी हेच धरत. वायरमन ओरडत, "डोकं खाली! अजून खाली!" आणि हे पलीकडून म्हणत, "आता काय जमिनीत पुरतोस का?"

तर फोटो ढीगभर होते, आणि हे त्या सगळ्यांच्या पलीकडे होते.

लग्नातला एक फोटो होता. त्यात मुंडावळ्या कपाळावरून गालांवर उतरलेल्या, आणि नेमक्या त्या क्षणी यांनी मान खाली घातलेली. दिसत होती ती हनुवटी. सासूबाईंनी तो खिडकीजवळ धरला, तिरपा करून पाहिला, परत दिला. त्यांच्या एका डोळ्याने दिसणं बंद झालं होतं आणि दुसऱ्यात मोतीबिंदू उतरत होता. पिकल्यावर काढू, असं डॉक्टर म्हणत. त्या म्हणत, मी काढू देनार न्हाई. मला त्या एवढंच म्हणाल्या, "डोळा हाय तवर एकदा तोंड बघू दे त्याचं. मग काय व्हायचं ते होऊ दे."

तेरावं झालं तरी त्या गावी परतल्या नाहीत. फोटोसाठी थांबल्या. रोज सकाळी विचारत, आणि मी रोज म्हणे, बघते. मला खरं तर काहीच बघायचं नव्हतं. वाचनालयातून येताना पाय उचलत नसत. पण घरी एक म्हातारी दाराकडे तोंड करून बसलेली असायची.

मी लग्नाचा फोटो एका स्टुडिओत दिला. तिथले चित्रकार जुने फोटो दुरुस्त करून देत. त्यांनी मला नाक, भुवया, केस यांबद्दल विचारलं. मी सांगत गेले आणि सांगताना लक्षात आलं की मी पुस्तकात वाचल्यासारखं सांगते आहे. सरळ नाक, रुंद कपाळ. अशी माणसं खूप असतात. आठवड्याने फोटो तयार झाला. मुंडावळ्या गेल्या होत्या, मान वर आली होती, ओठांवर थोडं हसू आलं होतं. काम सुबक होतं.

सासूबाईंनी तो डोळ्यांशी नेला.

"ह्यो कोन?"

"हेच आहेत, आत्या. स्टुडिओत नीट करून घेतला."

"न्हाई बाई. कुनाचं तरी बरं लेकरू हाय. पर माजं न्हाई."

मी फोटो पाकिटात परत ठेवला. मलाही तेच वाटलं होतं.

पुढच्या रविवारी वायरमन आणि दुकानदार घरी आले. मी फोटोचं सगळं सांगितलं. दुकानदार म्हणाले, "वहिनी, नियमाचं खूळ माझ्यामुळेच." वायरमन म्हणाले, "निगेटिव्ह बघतो." खराब निघालेल्या फोटोंच्या छापील प्रती ते कधी काढत नसत, पण निगेटिव्ह टाकतही नसत. बिस्किटांच्या डब्यात ठेवत.

संध्याकाळी ते एक निगेटिव्ह घेऊन परत आले. दुकानदारांची स्कूटर कलंडली तो फोटो. गाडी आडवी होताना हे पटकन उठून उभे राहिले होते आणि वायरमनांचं बोट चुकून दाबलं गेलं होतं. एक फोटो फुकट गेला म्हणून त्या दिवशी तिघं एकमेकांना बोलले होते, हेही त्यांनी सांगितलं. दोन दिवसांनी त्यांनी तो मोठा करून आणला.

मागे विमानाचा पंख स्वच्छ आला होता. स्कूटरचं चाक स्वच्छ. मध्ये हे, कमरेत वाकलेले, हात पुढे, तोंड अर्धवट उघडं. आणि चेहरा हललेला. डोळ्यांच्या जागी दोन रेघा. मी तो परत फिरवायला निघाले होते. म्हाताऱ्या बाईला असलं काही दाखवू नये असं मला वाटलं. पण वायरमनांनी तोवर तो सासूबाईंच्या हातात दिला होता.

त्या दारात उजेडाला गेल्या. फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"ह्यो हाय," त्या म्हणाल्या. "असाच धावायचा. काय पडलं का ह्यो आधी." मग वायरमनांकडे वळल्या. "तुमची गाडी धरायला गेल्ता का रं?"

"माझी नाही, मावशी. शेठची."

"कुनाची का असंना. लागलं न्हाई न्हवं त्याला?"

"नाही, मावशी."

"मग ठीक हाय."

मी त्यांच्या खांद्यावरून पुन्हा पाहिलं. सगळं जग त्यांना तसंच पुसट दिसत असेल आणि त्यात हा चेहरा त्यांना नेमका सापडला असेल. माझे डोळे चांगले होते. मला त्या दोन रेघांत कुणीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या फोटो पदरात गुंडाळून एसटीने गावी गेल्या. दुसरी प्रत काढून देऊ का, असं वायरमनांनी मला विचारलं होतं. मी नको म्हणाले.

सासूबाई पुढे पाच-सहा वर्षं होत्या. शेवटी त्यांना अजिबात दिसत नव्हतं. रोज सकाळी भिंतीवरच्या त्या फोटोची काच त्या चाचपून पुसत, असं जाऊबाई सांगत. मोटारसायकल मी वायरमनांना दिली. विमान कुठेतरी हलवलं, कुठे ते मी विचारलं नाही.

तो फोटो गावी दिरांच्या घरी आहे. दोन्ही खोकी माझ्याकडे आहेत. त्यांत गाड्या आहेत आणि विमान आहे.