इतिहासाच्या अकरा कॅसेट

दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डावर ताई एकोणीस वर्षं बसत होत्या. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं, पण पलीकडच्या माणसाने तोंड उघडायच्या आधी नुसत्या श्वासावरून त्या त्याला ओळखायच्या. हाडांचे डॉक्टर आधी घसा खाकरत. प्रसूती विभागाच्या मोठ्या सिस्टर रिसीव्हर उचलताना दुसऱ्याच कुणाला तरी झापत असत.

त्रेचाळिसाव्या वर्षी ताईंवर इतिहासाचा पेपर द्यायची वेळ आली. मुख्य ऑपरेटर निवृत्त होणार होत्या आणि त्या जागेला दहावी पास हवी, असा नियम निघाला. ताईंचे बाकी सगळे विषय सतराव्या वर्षीच सुटले होते. इतिहास तेवढा दोनदा अडकला, आणि मग नोकरी लागली.

"इतिहासच नाही असा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय," फॉर्म भरताना ऑफिसातले कारकून म्हणाले.

अंधांच्या वाचनालयातून त्यांनी इतिहासाच्या अकरा कॅसेट आणल्या. तिथले कॅसेटवाले काका डबा हातात देताना म्हणाले, "जुन्या आहेत. पण धडे तेच आहेत. युद्ध काही पुढच्या वर्षावर ढकललेलं नाही कुणी."

ताईंची ड्यूटी दुपारी दोनची. सकाळी दहा ते बारा अभ्यास, असं त्यांनी ठरवलं. चार महिन्यांपूर्वीच त्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीच्या घरात राहायला आल्या होत्या. घर धाकट्या बहिणीने शोधून दिलं होतं. ताईंनी ते पहिल्या आठवड्यातच कानांनी पाठ करून टाकलं. लिफ्टचं जाळीचं दार दोनदा जोरात आणि तिसऱ्यांदा हलकेच आपटायचं. अकराच्या सुमाराला न्हाणीघराच्या भिंतीतला पाइप मोठा घोट घेतल्यासारखा वाजायचा. खिडकीजवळची एक फरशी सुटली होती. पाय पडला की टक् करायची, उचलला की पुन्हा टक्.

कॅसेटवर एका वयस्क बाईंचा आवाज होता. स्पष्ट, न घाईचा, वर्गात शिकवावं तसा. पहिल्या कॅसेटमध्ये फ्रान्सची राज्यक्रांती झाली. दुसरी चालू असताना लिफ्टचं दार आपटलं, दोनदा जोरात, एकदा हलकेच. बहीण आली असेल म्हणून ताईंनी जाऊन दार उघडलं. कुणी नव्हतं. परत येऊन बसल्या, तेवढ्यात पाइपने घोट घेतला. ताईंनी घड्याळाच्या काट्यांवरून बोट फिरवलं. सव्वादहा वाजले होते.

त्यांनी कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. लिफ्ट. मग पाइप. दोन्ही आवाज कॅसेटमधून येत होते.

पुढच्या पानाला बाई उठल्या असाव्यात. खुर्ची सरकली, पावलं गेली, आणि टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. ताईंनी टेप बंद केला, हळूहळू खिडकीपाशी गेल्या आणि फरशीवर पाय ठेवला. मग काढला. त्या दिवशी त्या ड्यूटीवर दोन तास आधीच गेल्या.

रविवारी धाकटीला त्यांनी सगळं सांगितलं. तिने कॅसेट ऐकली. "बाईंच्या वाचण्यामागे मला तर नुसती खरखर ऐकू येतेय," ती म्हणाली. "जुन्या इमारती सगळ्या सारख्याच कुरकुरतात गं. परीक्षेचं टेन्शन आलंय तुला."

"असेल," ताई म्हणाल्या. बहीण गेल्यावर त्यांनी दाराला आतून कडी लावली. टेप पुन्हा चालू करायला मात्र दोन दिवस गेले.

घाबरून अभ्यास सोडण्यातल्या ताई नव्हत्या. पाचव्या कॅसेटमध्ये पहिलं महायुद्ध आलं आणि तारखांचा गुंता झाला. अठ्ठावीस जूनला राजपुत्राची हत्या. अठ्ठावीस जुलैला युद्ध सुरू. आणि पाच वर्षांनी तह झाला तोही अठ्ठावीस जूनलाच. सतराव्या वर्षी ताई इथेच घसरल्या होत्या. वैतागून त्या मोठ्याने म्हणाल्या, "अहो, परत सांगा."

"पुन्हा सांगते," कॅसेटमधल्या बाई म्हणाल्या. "चौदा सालचा जून म्हणजे हत्या. त्याच सालचा जुलै म्हणजे युद्ध. एकोणीस सालचा जून म्हणजे तह. म्हणा."

आणि बाई थांबल्या. तीन तारखा म्हणून व्हायला लागेल तेवढ्याच. ताईंनी त्या म्हटल्या नाहीत. त्यांनी टेप बंद केला.

मागे नेऊन ऐकलं तर ते शब्द जागच्या जागी होते. म्हणजे तेव्हाच रेकॉर्ड झालेले. खोलीत कुणी विद्यार्थिनी बसली असेल, तिने विचारलं असेल, अशी ताईंनी स्वतःची समजूत घातली. पण विचारणारीचा आवाज कुठेच नव्हता. पुढच्या कॅसेटमध्ये असं आणखी चारदा झालं. जिथे ताई अडकत, तिथेच बाई मागे वळत. शेवटी ताई सरळ विचारूच लागल्या, आणि तारखा म्हणूनही दाखवू लागल्या. मग भीती कमी झाली आणि धडे पाठ होऊ लागले, हे त्यांना नंतर जास्त भीतीदायक वाटलं.

दहावी कॅसेट संपल्यावर त्या वाचनालयात गेल्या. "काका, या वाचणाऱ्या बाई कोण?"

"इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका," काका म्हणाले. "मीच दर आठवड्याला रेकॉर्डर घेऊन जायचो त्यांच्याकडे. का बरं?"

"त्यांच्यासमोर कुणी शिकायला बसायचं का?"

"छे. मलासुद्धा जिन्यात उभं करायच्या. खोलीत दुसरा माणूस असला की वाचता येत नाही म्हणायच्या." काकांनी जुनी वही काढली, पानं उलटली आणि पत्ता वाचून दाखवला. ताईंचीच इमारत होती. तिसरा मजला, डाव्या हाताचं दार.

ताईंनी पत्ता पुन्हा वाचायला लावला. काकांना राहवलं नाही. "काय झालं?"

"मी तिथे राहते."

काकांनी वही मिटली. मग म्हणाले, "त्यांच्या पुतण्याने घर भाड्याने द्यायची चिठ्ठी आमच्या फळ्यावर लावली होती. वाचनालयातलीच माणसं ठेवायची, अशी बाईंची इच्छा होती म्हणे. तुमच्या बहिणीने ती इथेच वाचली असणार." त्यांनी आवाज खाली आणला. "अकरावी ऐकलीत?"

"अजून नाही."

"ऐकू नका. दुसऱ्या बाजूला अर्ध्यावर त्या गेल्या. वाचता वाचताच. मी जिन्यात होतो, मला कळलं नाही. कॅसेट शेवटपर्यंत फिरत राहिली. मी एकदाच ऐकली. थोडं थांबू या, म्हणाल्या, आणि मग काहीच नाही, नुसती खोली. पुसून टाकणार होतो. हात धजला नाही."

ताईंनी सुट्टीच्या दिवशी, लख्ख सकाळी, अकरावी लावली. धडा इतिहासाच्या साधनांचा होता. एखादी गोष्ट घडली याचा पुरावा काय, सांगणारा तिथे होता की ऐकीव सांगतोय, असं बाई वाचत होत्या. दुसऱ्या बाजूला त्यांचा श्वास आखूड झाला. ताईंना तो श्वास माहीत होता. तातडीच्या लाइनवर असे फोन येत. तेव्हा एका हाताने ॲम्ब्युलन्स जोडायची आणि गाडी पोचेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हा त्यांचा एकोणीस वर्षांचा शिरस्ता.

"थोडं थांबू या," बाई म्हणाल्या.

मग खोली. लिफ्ट आली, गेली. पाइपने घोट घेतला. ताई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. त्यांना बंद करता येईना. कुठली ॲम्ब्युलन्स जोडणार होत्या त्या? तरी त्या लाइनवर राहिल्या, अठरा-एकोणीस मिनिटं. ही खोली आणि ती खोली यांतला फरक एव्हाना त्यांना कळेनासा झाला होता. फरशी टक् वाजली. कॅसेटमध्ये की इथे, हे ताईंना सांगता आलं नसतं.

कॅसेट संपायच्या बेताला अगदी जवळून आवाज आला.

"ऐकताय ना?"

"हो," ताई म्हणाल्या. "आहे मी."

खट्कन टेप बंद झाला. फरशीचं दुसरं टक् मात्र वाजलं नाही.

ती बाजू त्यांनी मागे नेली नाही. डबा परत देताना काकांनी विचारलं, "ऐकलीत?" ताई म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात तसंच आहे." काकांनी डबा घेऊन फळीवर ठेवला.

उरलेला अर्धा धडा धाकटीने फोनवर वाचून दाखवला. मधे मधे कुकरच्या शिट्ट्या, पोरांना दटावणं, आणि दोन ओळी गाळून पुढे जाणं. ताईंना तो आवडला. परीक्षेला त्यांनी स्वतःचा टाइपरायटर नेला. पर्यवेक्षकांनी प्रश्न वाचून दाखवले. महायुद्धाच्या तारखांचा प्रश्न पाच गुणांचा होता. उत्तर टाइप करण्याआधी ताईंनी क्षणभर कान दिला. वर्गात पंखा फिरत होता, मागे कुणीतरी पेन्सिलला टोक काढत होतं. बाकी काही नव्हतं. मग त्यांना जरा एकटं वाटलं, आणि त्या लिहायला लागल्या.

शंभरात बासष्ट पडले. धाकटीने फोनवर रडून घेतलं. "आता ते घर सोड," ती म्हणाली. "मी दुसरं बघते."

"राहू दे," ताई म्हणाल्या. "सवय झालीय."

पुढच्या महिन्यात त्या मुख्य ऑपरेटरच्या खुर्चीत बसल्या. खुर्चीला एक हात नव्हता, तो दुरुस्तीला गेला होता. पहिला फोन चुकून लागलेला निघाला. कुणाला तरी बस स्टँडची चौकशी हवी होती. ताईंना नंबर पाठ होता. त्यांनी तो सांगितला, आणि पलीकडच्या माणसाने लिहून घेईपर्यंत वाट पाहिली.