राख कशाची?

६ ऑक्टोबर १९३७. हैदराबाद संस्थानात त्या दिवशी आजूर महिन्याची पहिली तारीख होती आणि तिथल्या सरकारी कालगणनेचा फसली सन १३४७ सुरू झाला. गंगाखेडच्या एका वाचनालयाने जाहीर वाचनाची परवानगी मागितली, तो उर्दू अर्ज याच तारखेचा आहे. वाचणारे: कार्यवाह दिनकरराव मास्तर. मजकूर: ‘स्वतःच्या कादंबरीचा उत्तरार्ध’. यातला ‘स्वतःच्या’ हा शब्द खोटा होता.

कादंबरी लिहिली होती भागम्माने. ती एका लिंगायत कापडव्यापाऱ्याची थोरली सून. मास्तर तिला वाचनालयातली पुस्तके पाठवीत. तिला मत्सराच्या, विषाच्या, सुडाच्या काळ्या प्रेमकथा लागत. “गोड शेवटाचं पुस्तक ती तिसऱ्या दिवशी परत धाडायची. वाईट शेवटाचं म्हैनाभर ठिवायची,” असे तिची धाकटी जाऊ सिद्धम्मा सांगते. साक्षीदार ही एवढीच, वय ऐंशीच्या पुढे. जिथे कागदाचा आधार आहे, तिथे तो वेगळा नोंदवला आहे.

भागम्माच्या कथेतल्या चंद्रभान जमीनदाराला मनकर्णेचे इतके वेड आहे की ती दुसऱ्या कोणाकडे पाहू नये म्हणून तो तिला गुंगीचे औषध देतो, मेली म्हणून सांगतो आणि जिवंतपणी पुरतो. हे दफन भागम्माने आपल्या घरच्या रीतीने लिहिले: खोल खड्डा, त्याच्या भिंतीत कोनाडा, कोनाड्यात मांडी घालून बसवलेली मनकर्णा, तळहातावर इष्टलिंग. कोनाड्यात थोडी हवा उरते. उत्तरार्धात मनकर्णा तिथून बाहेर पडून चंद्रभानाच्या घरी परतणार होती; हे मास्तरांना ठाऊक नव्हते.

पूर्वार्धाच्या वह्या मास्तरांनी शुद्धलेखन तपासतो म्हणून नेल्या. वर्षभराने छापील पुस्तक आले. त्यावर नाव मास्तरांचे होते.

भागम्मा जाब विचारायला गेली नाही. मास्तरच दारात आले. सिद्धम्मा तेव्हा ओसरीवर ज्वारी पाखडत होती.

“तुमचं नाव छापलं असतं तर सासऱ्यांनी घरात ठेवलं असतं का?” मास्तर म्हणाले. “माझं नाव म्हणजे पडदा समजा.”

“पडदा लय दाट हाय, मास्तर. मागची बाई दिसतच न्हाई.”

“पुढचा भाग झाला का? लोक विचारतायत.”

“दसरा झाला की देते. पन आदी चार लोकांत वाचून दाखवा, मग छापा.”

मास्तर खूश होऊन गेले.

त्या पुस्तकाची एक प्रत उपलब्ध आहे. पान ६१ पाहावे. मास्तरांनी भाषा सफाईदार केली, तसे दफनही बदलले. त्यांच्या घरी माणूस गेले की सरण रचतात. खड्डा त्यांना बाईचे अज्ञान वाटला असावा. छापील मनकर्णा चितेवर जळून राख होते. समासात पेन्सिलीने लिहिले आहे: ‘राख कशाची? माती लिवली हुती.’ हे अक्षर भागम्माचेच असे ठामपणे म्हणता येत नाही. ताडून पाहायला तिचा दुसरा कागद मिळालेला नाही.

मास्तर दारात येण्याआधीच ते पान वाचून भागम्मा हसली होती, असे सिद्धम्मा सांगते. “सिद्धम्मा, चोरानं बाहेर पडायचं दारच बुजवलंय. आता कुटून निगतो बगू.”

मग तिने उत्तरार्ध असा लिहिला की एकही पान मातीवाचून राहिले नाही. मनकर्णेच्या नखांत माती, वेणीत माती, चंद्रभानाच्या अंथरुणात माती. एखादे वाक्य खोडून भागणार नव्हते. वही तिने वाचनाच्या दुपारी, माणसे जमल्यावर, मास्तरांच्या हाती पोचवली. त्यांना चाळायलाही वेळ मिळाला नाही.

पहिले वाक्य त्यांनी मोठ्याने वाचले: “मनकर्णेने मांडीवरची माती झटकली आणि कोनाड्यातून पाय बाहेर काढला.” आणि ते थांबले.

विरूपाक्ष नावाचा लिंगायत दुकानदार पुढेच बसला होता. “मास्तर, मागल्या भागात हिला जाळली की तुमी. राख उटून चालायलीय का?”

सभा हसली.

“ही कल्पना आहे,” मास्तर म्हणाले.

“कोनाड्यात बसवायची रीत आमची हाय. तुमाला कुनी सांगितली?”

उत्तर बायकांच्या बाजूने, बांबूच्या चिकाच्या पडद्यामागून आले. “म्या सांगितली. माझ्या वहीत ती पुरलीच हुती. जाळली मास्तरांनी.”

भागम्माचे सासरे त्या वेळी सभेत होते. ते बसले आहेत हे तिला दिसत होते, असे सिद्धम्मा दोनदा सांगते.

वाचनालयाच्या इतिवृत्तात त्या दिवसाची एकच ओळ आहे: ‘वाचन मध्येच थांबले.’ पुढच्या महिन्यापासून कार्यवाह म्हणून दुसऱ्याची सही दिसते. इथवर कागद आहेत.

उत्तरार्धाची वही सापडलेली नाही. घरी परतलेल्या मनकर्णेने चंद्रभानाचे काय केले, हे ठाऊक नाही. सिद्धम्माने ते ऐकले होते. ती सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भागम्माची ट्रंक ओसरीवर होती, एवढेच ती सांगते. ती ट्रंक सासऱ्यांनी बाहेर काढली की भागम्माने स्वतः, आणि ती घेऊन भागम्मा कुठे गेली, हे अजून माहीत नाही.