मामूंच्या अक्षरांचं खानदान

लातूरच्या रस्त्यांवरून जो कुणी पायी फिरला असेल, त्यानं आमच्या पेंटरमामूंचं अक्षर वाचलेलं आहे; आणि वाचणाऱ्यांपैकी एकाच्याही ते ध्यानात राहिलेलं नाही. ही तक्रार नव्हे. मामूंना नेमकं हेच हवं होतं. "बाई, बोर्ड वाचून मानूस दुकानात शिरला पायजे. बोर्डाकडंच बघत बाहेर हुबा राहिला, तर पेंटर नापास," असं ते मला शंभरदा म्हणाले असतील. स्वतः मात्र ते जगातल्या प्रत्येक बोर्डाखाली उभे राहायचे, मान मागे टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून. त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे दहा मिनिटांच्या वाटेला दीड तास देणं.

मामू माझ्या नात्यातले नव्हते. त्यांचे वडील रंगारी, आजोबा रंगारी, आणि माझं टायपिंग इन्स्टिट्यूट त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, वरच्या मजल्यावर. गल्लीतली सगळी पोरं मामू म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांना मजकूर कधी दिसलाच नाही, दिसली ती अक्षरं. मुखेडहून एकदा त्यांच्या भाच्याच्या लग्नाची पत्रिका आली. मामूंनी ती दोन तास न्याहाळली, वरच्या 'शुभ'मधल्या उकाराचं मला जिना चढून येऊन कौतुक सांगितलं, आणि नवी शेरवानी घालून मुखेडला पोचले ते लग्न लागल्याच्या दुसऱ्या दिवशी. मंडप उतरवणाऱ्यांना मदत करून परत आले. मी म्हणाले, "मामू, पत्रिकेवर तारीख होती की!" तर म्हणाले, "हाव, हुती. पन आकडे इतके वाईट काढलते बाई, मी तिकडं बघितलंच न्हाई." डोळ्यांच्या डॉक्टरांनी समोरच्या तक्त्यावरची ओळ दाखवून विचारलं, "दिसतंय का?" मामू म्हणाले, "दिसायलंय चांगलं. पन कुनी काढलंय हे?"

असे ते पहिल्यापासून नव्हते, हे सांगितलं तर आता कुणाला खरं वाटणार नाही. भूकंपाच्या आधी आमच्या भागात मामूंइतकं नखरेल अक्षर कुणी काढत नव्हतं. अक्षराला सावली, सावलीला किनार, किनारीला फुलं. माझ्या इन्स्टिट्यूटचा पहिला बोर्ड त्यांनीच रंगवला होता. त्यातल्या 'टायपिंग'च्या 'ग'ला त्यांनी अशी शेपटी काढली की ती टाइपरायटरच्या चित्राला वळसा घालून थेट शेजारच्या शिंप्याच्या फळीवर उतरली. शिंपी भांडायला आला. मामूंनी त्या शेपटीच्या टोकाला एक कात्री काढून दिली, आणि तो खूश होऊन गेला.

मग भूकंप झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रकांतून आणि जीपगाड्यांतून जखमी माणसं लातूरला येत होती. गल्लीतले बरेचजण दवाखान्याकडे धावले, तसे मामूही गेले, स्ट्रेचर उचलायला. दवाखान्याच्या बाहेरच्या भिंतीवर दाखल झालेल्यांच्या नावांचे कागद चिकटवले होते. मदतीला आलेल्या लोकांनी उभ्याउभ्या बॉलपेननं लिहिलेले, घाईत, जसे जमतील तसे. भिंतीपाशी ही गर्दी. तिथं औशाकडच्या एका गावचा माणूस कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत होता. केसांत अजून माती होती. मामूंनी विचारलं, "कुनाला हुडकायलाव?"

"बायकूला. सखूबाई."

"न्हाई गावली?"

"दोनदा वाचलं वरपासून खाली. नाव न्हाई. आता गावाकडंच जावं म्हनतो... तिथं अजून काढायलेत."

काढायलेत म्हणजे ढिगाऱ्यातून. मामूंनी स्वतः वरून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या कागदावर, मधेच, नाव होतं. लिहिणाऱ्याच्या घाईत 'ख'चे दोन तुकडे लांब पडले होते. तिसरीपर्यंत शिकलेल्या त्या माणसानं 'सरवूबाई' वाचलं होतं, ही दुसऱ्याच कुणाची तरी बायको असेल असं समजून बोट पुढं नेलं होतं, आणि तेही दोनदा. सखूबाई पाय मोडून व्हरांड्यात पडली होती, त्या भिंतीपासून तीस-चाळीस पावलांवर. मामू त्याला हाताला धरून घेऊन गेले. पुढं काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, "भेटले दोघं."

तिथून ते थेट माझ्याकडे आले. जिना इतक्या जोरात चढले की टाइप करणाऱ्या मुलींचे हात थांबले. "बाई, कागद द्या. हाय तेवढा सगळा." मी रिमं काढून दिली. आम्ही कागदाला कागद डिंकानं जोडले, मामूंनी ब्रश घेतला आणि पुढचे तीन दिवस ते त्या भिंतीपाशी उभे राहिले. एकजण नावं सांगायचा, मामू लिहायचे. पहिल्या नावाला सवयीनं शेपटी निघाली. मामूंनी तो कागद फाडला. त्यानंतर त्यांच्या हातून जे अक्षर उतरलं, त्याला ना टोक होतं, ना फुलोरा, ना बोरूचा जाड-बारीक काप. सगळ्या रेघा एका जाडीच्या, मोकळ्या, पोटात भरपूर हवा असलेल्या. 'ख'चे दोन्ही पाय खाली घट्ट जोडलेले. 'ध' आणि 'घ' शंभर पावलांवरून वेगळे कळणारे. लोक आता भिंतीजवळ न येता, गर्दीच्या मागूनच नाव वाचत आणि आत पळत.

मामूंनी शेपटी सोडली ती कायमची. महिन्याभरात मला न विचारता माझा बोर्डही त्यांनी पुसून नव्यानं रंगवला. शिंपी पुन्हा भांडायला आला, कारण त्याची कात्री गेली होती.

पुढं लातूरचं नाव निकालांसाठी गाजायला लागलं आणि गावात क्लासेसचं पेव फुटलं. एका इमारतीवर अकरा बोर्ड. मामूंच्या हाताला उसंत नव्हती, पण डोक्याला ताप होता. प्रत्येक सरांना आपलं अक्षर शेजाऱ्याच्या अंगावर धावून जाणारं हवं होतं. मूळचे हिमायतनगरचे, फिजिक्स शिकवणारे एक सर म्हणाले, "मामू, अक्षरातून ज्वाळा निघाल्या पाहिजेत. अक्षर उडी मारून अंगावर आलं पाहिजे!"

"सर, ते उडी मारायलंय तवर पोरगं वाचणार कवा?" मामू म्हणाले. "देवणीहून बाप येतो यस्टीनं. डोक्यावर पेटी, एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात लेक. त्याला सांगा, इथं फिजिक्स हाय. बास."

सरांनी ज्वाळावाला दुसरा पेंटर गाठला. मामूंनी भांडण केलं नाही. ते चार दिवस सकाळी त्या बोर्डासमोरच्या हॉटेलात चहा पीत बसले. पाचव्या दिवशी खरंच एक बाप पेटी घेऊन त्या बोर्डाखाली थांबला, वर बघितलं आणि हॉटेलवाल्याला विचारता झाला, "इथं फिजिक्सचा क्लास हुता म्हनं, आता फटाक्याचं दुकान टाकलंय व्हय?" मामूंनी त्याची पेटी उचलली, त्याला वर नेलं आणि सरांपुढं उभं केलं. "सर, हे पालक. फटाके घ्यायला आलते." सर मोठ्या मनाचे, पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी मामू शिडी लावून ज्वाळा विझवत होते. त्यानंतर काही वर्षं तो अख्खा रस्ता एकाच अक्षरात बोलत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग फ्लेक्स आलं, आणि एका हंगामात सगळं आवरलं. बोर्ड रंगवायचा कशाला, छापून तासाभरात मिळतो, वर गुणवंतांचे फोटो. मामूंचे जोडीदार एकेक करून दुसऱ्या धंद्याला लागले. मामू मात्र फ्लेक्सखाली उभे राहून बघत राहिले. "ह्यो 'क' बघा बाई. दोन्ही कान धरून वढलाय बिचाऱ्याला." आठवडाभर ते असं बघत फिरले आणि एक दिवस माझ्याकडे येऊन बाराखडी काढलेल्या आलेख वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. टाइपरायटर काढून तोवर मी कॉम्प्युटर घेतले होते.

"मशीनला बी अक्षर लागतंच की. मंग आपलंच घाला त्यात."

मी त्यांना समजावलं की मामू, एवढ्यानं भागत नाही. पत्रिकेला बारीक लागतं, फॉर्मला मधलं, बोर्डाला जाड. प्रत्येकाची बाराखडी वेगळी, जोडाक्षरं वेगळी. शेकडो अक्षरं काढावी लागतील. मामू शांतपणे म्हणाले, "काढू."

आणि त्यांनी काढली. वयाची साठी उलटल्यावर, आलेखाच्या चौकटी मोजत, पाच जाड्यांत. त्याला ते खानदान म्हणायचे. सगळ्यात बारीक तो 'धाकला', मग 'सडक', मग 'मधला', मग 'तगडा', आणि सगळ्यात जाड तो 'पैलवान'. पाच भाऊ, पण चेहऱ्यावरून एका बापाचे कळले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. इंग्रजी अक्षरंही त्यांनी स्वतः काढली. "ह्या सुना. दुसऱ्या घरून आल्या तरी एकाच छताखाली नांदल्या पायजेत." उर्दूचं विचारलं तर हात जोडले. "ती वळणाशिवाय जगत न्हाई. तिला तिच्या थाटात राहू द्या."

अक्षरं कॉम्प्युटरमध्ये घालायचं सॉफ्टवेअर मला येत नव्हतं. जाड पुस्तक आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन मी शिकले. मामू रोज दहा वाजता येऊन माझ्या मागच्या खुर्चीत बसायचे. कधी मामीही यायच्या, डबा घेऊन. मामींना मराठी वाचता यायचं नाही, पण पडद्याकडे त्या कौतुकानं बघायच्या. मी पडद्यावर अक्षराच्या कडेचे बिंदू सरकवायची, आणि मागून आवाज यायचा, "हा 'ज' बिमार दिसायलाय."

"मामू, दोन दिवस याच्यावरच घालवलेत मी."

"मंग दोन दिवसांपास्नं बिमार हाय त्यो."

एकदा मी खरंच चिडले. वर्ष दुसरं चालू होतं, दिवसातून तीनदा लाईट जायची, केलेलं काम पुसलं जायचं. म्हणाले, "कोण वापरणार आहे हे? कुणासाठी मरमर चाललीय आपली?" मामू उठले, चप्पल घातली आणि गेले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला जिन्यावर पावलं वाजली. खुर्चीत बसत म्हणाले, "कालचा 'ज' काढा."

वापरणारा भेटला तो चौथ्या वर्षी. एक डाळ मिलवाले शेठ माझ्याकडे पत्रकं छापायला आले होते. त्यांनी 'मधला' बघितला आणि विचारलं, हे अक्षर कुठलं? त्यांना मिलसाठी एकच चेहरा हवा होता. पाव किलोच्या पाकिटावर, पत्राच्या कागदावर, पोत्यावर आणि ट्रकच्या पाठीवर सगळीकडे ओळखू येणारा. चार भाऊ तयार होते. पोत्यासाठी पैलवान लागणार होता, आणि पैलवान अर्धा राहिला होता. मामू तेव्हा छातीच्या दुखण्यानं हैराण होते. जिन्यात तीनदा बसून वर यायचे. मी म्हणाले, मी घरी प्रिंट आणून दाखवते. "प्रिंट मेलेलं असतं," म्हणाले, आणि येत राहिले.

एकेक अक्षर सुटत गेलं. अडला तो 'ळ'. इतक्या जाडीत त्याची दोन्ही पोकळ पोटं भरून जायची. "बुजला की आंधळा हुतो," मामू म्हणायचे. आम्ही तीन तऱ्हा केल्या, तिन्ही त्यांनी पाडल्या. आणि 'डाळ' लिहायला 'ळ' तर हवाच. चौथ्या तऱ्हेकडे ते बराच वेळ बघत राहिले, डोळे बारीक करून. मग म्हणाले, "जवळ आलाय. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दहाला जिना वाजला नाही. साडेदहाला मीच उतरून त्यांच्या घरी गेले. दारात गल्लीतले लोक उभे होते.

तो 'ळ' मी एकटीनं पुरा केला. पंधरा दिवस लागले. डावं पोट किंचित मोठं केलं, मधली गाठ पातळ केली. बरोबर झालं की चुकलं, मागून कुणी सांगत नव्हतं. शेठची पोती छापून आली, तेव्हा पहिलं रिकामं पोतं घडी करून मी मामींकडे घेऊन गेले. त्यांनी ते पलंगावर पसरलं आणि अक्षरांवरून सावकाश हात फिरवला. हात 'ळ'वर येऊन थांबला.

"हे एक त्यांचं न्हाई," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "चुकलंय का मामी? बदलू?"

मामींनी पोत्याची सुरकुती हातानं सपाट केली. म्हणाल्या, "कुनाला इचारून बदलशील, बेटी?"