पाच नंबरच्या टेबलावरचं गिऱ्हाईक

बेलापूरच्या रस्त्याला सूर्यभानचं हॉटेल आहे, आणि तिथं नऊ माणसं कामाला होती. लंकाबाई धरली तर दहा. पण लंकाबाईला कुणी धरत नसे. दहा माणसं झाली की हजेरीपट, आठवड्याची सुट्टी, नेमणुकीचा कागद असा सगळाच कायदा गळ्यात पडतो, हे सूर्यभानला तोंडपाठ होतं. त्या रस्त्यावर तसं कुठल्याच हॉटेलात दहावं माणूस नव्हतं.

लंकाबाई पाथर्डीकडची. ऊसतोडीला आली, कंबर गेली, टोळी गावाकडं परतली आणि ही इथंच चुलीपुढं बसली. चौदा वर्षं बाजरीच्या भाकरी. तपासणीला साहेब आला की तिनं हात धुवायचे, पदर सारखा करायचा आणि पाच नंबरच्या टेबलावर गिऱ्हाईक होऊन बसायचं. सूर्यभान स्वतः ताट वाढायचा. "तोंड उघडलंस तर उद्यापासून घरी बस," असं त्यानं पहिल्याच वेळी बजावलं होतं. घर म्हणजे हॉटेलामागची त्याचीच पत्र्याची खोली, तेव्हा बसायचं कुठं, हा प्रश्न होता.

यंदा साहेब नव्हता, बाई होती. नवीन. तिनं कागद पाहिले, माणसं मोजली. नऊ भरली. जेवणवेळ झालेली, म्हणून पाच नंबरलाच येऊन टेकली.

"बसू का, मावशी?"

"बसा की. टेबल काय माझ्या बापाचं हाय व्हय?"

दोन ताटं आली. चुलीवर लंकाबाईच्या जागी सूर्यभानची बायको रेश्मा बसली होती. भाकरी कडेला करपलेली, मधी कच्ची. बाईंनी तुकडा मोडला, बघितला, परत ठेवला.

"मावशी, इथं भाकरी अशीच असते?"

गल्ल्यावरून सूर्यभान डोळ्यांनी गीळ गीळ म्हणत होता. लंकाबाईनं घास घेतला. बराच वेळ चावला.

"न्हाई," ती म्हणाली. "अशी नसती."

ती उठली, आत गेली, रेश्माला म्हणाली, "सरक, बाई." पीठ मळलं, थापलं, भाकर टम्म फुगवली आणि आणून बाईंच्या ताटात टाकली. बाईंनी ती सगळी खाल्ली, हात पुसले आणि कागद पुन्हा उघडला.

"नाव?"

"लंकाबाई."

"किती दिवस झाले कामाला?"

"आजच आल्यात," सूर्यभान म्हणाला.

"चौदा वर्सं," लंकाबाई म्हणाली.

बाईंनी लिहून घेतलं. "यांना काढायचं झालं, तर कारण लेखी द्या. एक प्रत मला."

जीप गेल्यावर सूर्यभान कागद घेऊन बसला. 'सदर महिलेस कामावरून कमी करण्याचे कारण असे की' इथवर झरझर आलं. पुढं तासभर काही येईना.

"काय लिहू गं?"

"भाकर चांगली केली म्हणून लिवा," रेश्मा पोळलेल्या बोटांवर फुंकर घालत म्हणाली. "आन् उद्या चुलीपुढं तुमीच बसा."

त्यानं कागद चुरगाळला. तेवढ्यात लंकाबाई दारात येऊन उभी राहिली.

"आण्णा, माझी सुट्टी कोणच्या वारी?"

"तुला कुठं जायचंय?"

"कुटं न्हाई. घरी बसंन."

सूर्यभाननं बराच विचार केला. "सोमवार घे. पण सोमवारी भाकरी कोण करील?"

"अकरावी ठिवा," लंकाबाई म्हणाली आणि पीठ चाळायला गेली.