प्रॉम्प्टरच्या बायकोच्या कादंबऱ्या

मोहाच्या झाडाखाली चादर अंथरली की झाड हलवावं लागत नाही, फुलं आपोआप पडतात. सिंदेवाहीत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीचं तसंच आहे. माणूस येऊन बसतो, लाइट जाते, प्रिंटर रुसतो आणि बोलता बोलता एखादा किस्सा माझ्या पदरात पडतो. पण बाकी साऱ्या गिऱ्हाइकांचे मिळून जेवढे किस्से नसतील, तेवढे एकट्या लताबाईंचे आहेत!

लताबाई म्हणजे दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्सबाई. ऐतिहासिक प्रेमकथा लिहितात. चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं, गोंड राज्य, किल्ला, हत्ती, लढाया आणि त्या धामधुमीत प्रेमात पडणारी साधी माणसं. त्या हातानं लिहितात, मी टाइप करते, नागपूरचा एक प्रकाशक छापतो. "राजाराणीवर का लिहीत नाही?" असं मी एकदा विचारलं होतं.

"राजाचं नाव दगडावर कोरलं हाये," त्या म्हणाल्या. "त्याच्या हत्तीले पाणी पाजणाऱ्या पोरीचं कुठी हाये? कोणीतरी लिवाले पायजे ना बाप्पा!"

त्यांचे यजमान वामनभाऊ. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगाव नाटकं सुरू होतात. वामनभाऊंनी अर्धं आयुष्य त्या नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं. म्हणजे विंगेत उभं राहायचं आणि नट अडकला की त्याचं पुढचं वाक्य त्याला हळूच द्यायचं. हजारो प्रेमाची वाक्यं त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडात घातली. घरी मात्र सगळा कारभार मुका. त्या घरात दोघांच्या वाट्याचं एकट्या लताबाईच बोलतात.

* * *

लताबाईंची लिहिण्याची एक पद्धत आहे. नायकाचं प्रत्येक वाक्य त्या आधी वामनभाऊंकडून वाचून घेतात. वामनभाऊ वाचतात ते प्रॉम्प्टरसारखं. ना चढ, ना उतार, ना भावना. बँकेतली बाई टोकन नंबर पुकारते तसं.

एकदा माझ्यासमोरच त्यांनी वाचलं, "हे चंद्रमुखी, तुझ्या नेत्रांच्या डोहात माझी तलवार विरघळली."

लताबाईंनी लगेच त्यावर काट मारली. मी म्हटलं, "बाई, चांगलं तर होतं!"

"नटानं बोललं तं कोणतंही वाक्य चांगलं लागते," त्या म्हणाल्या. "यायच्या तोंडून निघून जे जित्तं राह्यते, तेच खरं. तलवार विरघळून राह्यली म्हणे! काय साखर हाये का ते?"

वामनभाऊंनी कागद खाली ठेवला आणि चहा प्यायला लागले.

* * *

लताबाई जे लिहितात ते आधी करून पाहतात. एका कादंबरीत नायिका किल्ल्याच्या परकोटावर उभी आणि नायक खाली, असा सीन होता. बाई म्हणाल्या, "खालचं वर ऐकू येते का, ते पाहाले पायजे." झालं! आम्ही तिघं एसटीनं चंद्रपूरला. बाई आणि मी परकोटावर, वामनभाऊ खाली रस्त्याच्या कडेला, हातात संवादाचा कागद.

वामनभाऊंचे ओठ हलत होते. वर काही म्हणता काही येईना.

"जोरात!" बाई ओरडल्या.

पुन्हा ओठ हलले. पुन्हा काही नाही. शेवटी पेरू विकणाऱ्या एका माणसानं मान वर करून हाक दिली, "ओ बाई, हे भाऊ तुमाले कवापासून काईतरी सांगून राह्यले! इथी या ना खाली!"

खाली आल्यावर बाई चिडल्या. "जोरात बोलाले काय झालं होतं?"

वामनभाऊ शांतपणे म्हणाले, "जोरात बोललं तं पब्लिकले ऐकू जाते."

ते खरंच होतं. चांगल्या प्रॉम्प्टरचा आवाज ज्याला द्यायचा त्यालाच जातो, पहिल्या रांगेलासुद्धा जात नाही. वामनभाऊ त्यातले उस्ताद. त्या कादंबरीत मग नायक परकोटाखाली उभा राहून काही बोलत नाही. पळसाचं फूल फेकतो.

* * *

नर्स असल्याचा फायदा म्हणा की तोटा, लताबाईंच्या लढाया भलत्याच खऱ्या असतात. प्रकाशकाचा एकदा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला. त्यांचं म्हणणं असं, की नायकाच्या पोटात तलवार घुसते आणि तो लगेच मरतो, हे वाचकांना रुचणार नाही. त्यानं मरताना नायिकेच्या मांडीवर डोकं ठेवून दोन पानं तरी बोलायला हवं.

"साहेब," बाई म्हणाल्या, "पोटात हत्यार घुसलेला माणूस दोन पानं बोलत नाई. पाणी मांगते. मी पोटं पाह्यली हायेत."

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला. मग प्रकाशक हळूच म्हणाले, "बरं, एक पान?"

"अर्धं," बाई म्हणाल्या. "तेबी मधात मधात कण्हून."

* * *

एकदा बाईंच्या वाचनात आलं, की त्यांच्या नायिकेच्या काळात आपल्याकडे मिरचीच आलेली नव्हती. आता आली पंचाईत! बिनमिरचीचं खाणारी माणसं रागावतात कशी, रडतात कशी, हे कळल्याशिवाय लिहिणार कसं? बाईंनी घरातली मिरची बंद केली. वरणात मिरी, भाजीत मिरी, चटणीत मिरी.

वामनभाऊ पहिले काही दिवस मुकाट जेवले. मी एकदा त्यांच्याकडे पाहुणी होते. त्यांनी भाकरीचा तुकडा त्या फिक्या भाजीत बुडवला, तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि विचारलं, "लता, हा अंक कवा संपते?"

त्याच संध्याकाळी घरात ठेचा झाला. नायिकेला मात्र बाईंनी तशीच ठेवली, मिरी खाऊन रडणारी.

* * *

वामनभाऊ इतके गप्प का, याचाही एक किस्सा आहे. तो मला लताबाईंनी सांगितला. तेव्हा वामनभाऊ स्वतः समोर बसले होते आणि पेपर वाचत असल्याचं दाखवत होते.

लग्न नुकतंच झालेलं. कुरखेड्याकडच्या एका गावात नाटक होतं. नवी नवरी लताबाई पहिल्या रांगेत, वामनभाऊ विंगेत. राजपुत्र युद्धाला निघालाय, त्यानं राणीचा हात हातात घेतलाय, सारं गाव श्वास रोखून बसलंय. राजपुत्राचं पाठांतर म्हणजे शून्य! सगळी भिस्त विंगेवर. आणि नेमका त्याच वेळी वामनभाऊंच्या चष्म्यावर घाम आला. अक्षर दिसेना. ते विंगेतून म्हणाले, "थांब, चष्मा पुसतो."

राजपुत्रानं राणीचा हात छातीशी धरला, मान वर केली आणि गहिवरून म्हणाला, "थांब! चष्मा पुसतो!"

राणीही मुरलेली होती. तिनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "पुसा नाथ. मी जन्मभर थांबेन!"

टाळ्याच टाळ्या! पण वामनभाऊंच्या ते मनाला लागलं. नाटक कंपनीच्या मालकानं काही म्हटलं नाही, पण त्यांनीच त्या दिवशी नियम केला, की पुस्तकात नसलेला शब्द तोंडातून काढायचा नाही.

"विंगेपुरता नियम केला असता तं चाललं असतं," लताबाई म्हणाल्या. "यायनं घरीबी आणला."

आम्ही दोघी हसलो. पेपराचं पान उलटलं.

* * *

गडचांदूरकडून सिमेंट भरून जाणारे एक ट्रकवाले आहेत, बंडूभाऊ. लोडिंगच्या लायनीत ट्रक उभा असला की केबिनमध्ये बसून लताबाईंच्या कादंबऱ्या वाचतात. एकदा ते पत्ता विचारत विचारत माझ्या दुकानात आले. नेमक्या बाई खुर्चीवर बसलेल्या.

"जयभीम बाई. तुमीच का त्या लिवणाऱ्या?"

"हो."

"त्या माहुताच्या पोराले काऊन मारलं?"

बाई जरा गोंधळल्या. म्हणाल्या, "अरे बावा, लढाई होती. इतिहासात लय लोक मेले."

"इतिहासात त्याले कोण वळखते? तुमीच पैदा केला, तुमीच मारला! त्याच्या आंधीचा तोबी मारला. त्याच्या आंधीचा पुरात वाहून गेला. बाई, मी पाची पुस्तकं वाचली. तुमचा एक माणूस घरी वापस येत नाई!" बंडूभाऊंचे डोळे खरंच भरले होते. "मीबी गाडी घेऊन जातो. मायी बायकोबी वाट पाह्यते. येकाले तं घरी येऊ द्या!"

बाईंनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "पुढच्या खेपेले येईन तो. शब्द देतो तुले."

बंडूभाऊ गेल्यावर मी म्हटलं, "खरंच बाई, सगळ्यांना मारता का हो?"

लताबाईंनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "मेलेल्या माणसाले बोला लागत नाई ना, पोरी. जित्ता माणूस घरी येऊन दारात उभा राह्यला तं बायकोले काय बोलते, हे मले माहीतच नाई. आमच्या दारात कोणी कधी बोललं नाई."

मी उगाच प्रिंटरमध्ये कागद भरला.

* * *

दिलेला शब्द बाईंनी पाळला. नव्या कादंबरीतला नायक, राजाच्या फौजेतला एक साधा भालाईत, सगळ्या लढायांतून वाचला. जंगलातला हिवताप झाला, त्यातूनही वाचला. शेवटच्या पानावर तो घराच्या दारात येऊन उभा राहतो, बायको दार उघडते, आणि तो म्हणतो…

पुढं कोरं.

प्रकाशकाचे फोनवर फोन. बाईंनी तीनचारदा वाक्य लिहिलं, वामनभाऊंनी वाचलं, बाईंनी काट मारली. शेवटी त्यांनी तो कागद वामनभाऊंपुढं तसाच सरकवला. "हे तुमी भरा. आयुष्यभर नाटकात राह्यले ना?"

वामनभाऊंनी कागद पाहिला, उलटा करून पाहिला आणि परत दिला. "पुस्तकात नाई, ते मी देत नाई."

त्या दिवशी लताबाई माझ्याकडे आल्या आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसून रडल्या. "लोकायच्या तोंडात किती प्रेम घातलं या माणसानं! गावोगावच्या राण्यायनं ऐकलं. माह्या वाट्याले एक वाक्य नाई. चांगला हाये गं, लय चांगला हाये. माह्या नाइट ड्युटीचे डबे त्यायनंच भरले. पण कानाले बी काईतरी लागते ना?"

मलाही रडू आलं. कादंबरी तशीच पडून राहिली.

* * *

मग वाचनालयानं लताबाईंचा सत्कार ठरवला. शाळेचा हॉल, पडदे, विंगा, सगळं साग्रसंगीत. सूत्रसंचालन माझ्याकडे. स्टेजवर लताबाईंच्या शेजारी वामनभाऊंसाठी खुर्ची ठेवली होती. ती रिकामीच! शोधलं तर वामनभाऊ उजव्या विंगेत, पडद्याला खेटून, हातात बाईंच्या भाषणाची झेरॉक्स. "मले इथीच बरं वाटते," म्हणाले.

भाषण छान चाललं होतं. मध्येच मागच्या रांगेतून बंडूभाऊ उठून ओरडले, "बाई, जित्ता हाये ना तो?" सगळा हॉल हसला, बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांची ओळ हरवली. त्यांनी सवयीनं विंगेकडं पाहिलं. वामनभाऊंचे ओठ हलले आणि बाईंचं भाषण सुरळीत पुढं सुरू झालं. कोणाला कळलंसुद्धा नाही.

भाषण संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई माइकपासून हलल्या नाहीत. पुन्हा विंगेकडं पाहिलं.

वामनभाऊंनी हातानं खूण केली, संपलं.

"नाई संपलं," बाई माइकवर म्हणाल्या. "माझ्या कादंबरीतला माणूस लढाईवरून घरी आला हाये. दारात उभा हाये. बायको समोर हाये. तो काय बोलते, ते मले अजून कोणी दिलं नाई."

आणि त्या थांबल्या. वाक्य विसरलेला नट थांबतो, तशा.

मी दोघांच्या मधोमध उभी, हातात पुढच्या वक्त्याचं नाव. वामनभाऊंनी भाषणाचा कागद पाहिला. पलटला. मागं कोरं होतं. मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

आणि त्यांचे ओठ हलले. बराच वेळ हलले.

मी हात लांब केला असता तर त्यांना लागला असता, पण मला एक अक्षर ऐकू आलं नाही. माइकनंही काही पकडलं नाही. लताबाईंनी मात्र माइकचा दांडा घट्ट धरला. त्यांची मान खाली गेली, त्या कानांपर्यंत लाल झाल्या.

"बाई, बोला ना!" मागून बंडूभाऊ ओरडले. "काय म्हणते तो?"

लताबाईंनी पदरानं डोळे पुसले, माइकवर हात ठेवला आणि मान हलवली.

"नाई," त्या म्हणाल्या. "हे पब्लिकसाठी नाई."