पोपटाचा ताप

छातीच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून बावीस वर्षं काढली की नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखता येतो, असं मी म्हणते. आमच्या घरचे म्हणतात, "तुले खोकल्यापेक्षा किस्से जास्त ओळखता येते!" खरं आहे. केसपेपरवर वय असतं, वजन असतं, खोकला किती दिवसांचा ते असतं. बाकी पेशंट जे सांगतो ते लिहायला जागाच नाही. मग ते सिस्टरच्या डोक्यात साठत जातं, आणि बडनेऱ्याहून अमरावतीला जाता-येता ऑटोत सांडतं. खरं नाव तेवढं मी कुणाचं सांगत नाही.

त्यातले कितीतरी किस्से एकाच प्रश्नाने दिले. आमच्या डॉक्टर मॅडम माहेरच्या पुण्याच्या. ताप, कोरडा खोकला, डोकेदुखी आणि नेहमीच्या औषधाने उतार नाही, असा पेशंट आला की त्या हमखास विचारतात, "घरी पक्षी आहे का?"

हा प्रश्न सुरू झाला एसटीच्या एका रिटायर्ड कंडक्टरमुळे.

*

कंडक्टरकाका परतवाड्याचे. आमच्याकडे आले तेव्हा तापाचा दहावा दिवस होता. एक्स-रेत न्यूमोनिया, थुंकीत टीबी नाही, दोनदा औषध बदलून झालेलं. डोकं तर इतकं दुखायचं की उशीत तोंड खुपसून पडायचे. धाप लागायला लागली तेव्हा काकूंनी माझा हात घट्ट धरला. "सिस्टर, माणूस हातचा जाऊन राहिला वं."

मॅडमनी सगळं पहिल्यापासून विचारायला घेतलं. कुठे गावाला गेला होता? घरी आणखी कुणी आजारी? मग म्हणाल्या, "घरी पक्षी आहे का? पोपट वगैरे?"

"नाई जी!" काका धापा टाकत म्हणाले.

काकूंनी छताकडे पाहिलं.

तेवढ्यात घरून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, कसं वाटून राहिलं?" असं ती विचारते न विचारते, तोच तिच्या मागून खणखणीत आवाज आला, "चला, मागं सरका! तिकीट बोला, तिकीट!"

मॅडमनी भुवया उंचावल्या. "हे कोण?"

काकांनी डोळे मिटून घेतले. "मॅडम, वनखात्यावाले घेऊन जातीन न त्याले!"

आपल्याकडचा हिरवा पोपट घरात पाळायला कायद्याने मनाई आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मी फॉरेस्टवाली नाही हो, छातीची डॉक्टर आहे. तुमचा पोपट आजारी होता का?"

होता. मागच्या पंधरवड्यात पिसं फुगवून बसायचा, पातळ शी करायचा. काका रोज स्वतः पिंजऱ्यातली वाळलेली घाण झाडूने झाडायचे. ती धूळच त्यांच्या छातीत गेली होती. मॅडमनी मला आजाराचं नाव सांगितलं, सिटॅकोसिस. मी ते तीनदा म्हणून पाहिलं, तीनदा जीभ अडकली. काकूंना मी सरळ सांगितलं, "पोपटाचा ताप आहे." तेव्हापासून आमच्या वॉर्डात तेच नाव पडलं.

रक्त तपासणीला बाहेर पाठवलं, पण मॅडमनी रिपोर्टची वाट न पाहता गोळ्या चालू केल्या. दोन दिवसांत ताप उतरला. काका उशीला टेकून बसले आणि पहिलं वाक्य बोलले, "त्याले कोणी मिरची देल्ली का?"

*

गुरांच्या डॉक्टरांनी पोपटालाही औषध दिलं, त्याचं तर चांगलं दीड महिना चाललं. काकू तपासणीला आल्या तेव्हा मॅडमनी विचारलं, "गोळ्या वेळेवर घेतात ना?"

"पोपट घेते जी," काकू म्हणाल्या. "याईलेच दोनदा सांगा लागते!"

पोपट ठणठणीत झाला तेव्हा काकांनी स्वतःहून वनखात्याला फोन लावला. का लावला, कुणाला सांगितलं नाही. काकूंनी मला नंतर सांगितलं, की गाडी दारात आली तशी यांनी पिंजरा उचलला, मागे नीट ठेवला, वर ओलं फडकं टाकलं. ड्रायव्हर वळून बघत राहिला, निघू की नको.  मग काकांनी गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. डबल बेल! गाडी निघाली.

*

प्रश्न विचारायचा तरी कसा, हेही आम्ही शिकत गेलो. एकदा एक भारदस्त गृहस्थ आले, गावचे माजी सरपंच. मॅडमनी आपल्या शुद्ध पुणेरीत विचारलं, "पक्ष्यांशी आपला काही संबंध?"

सरपंच खुर्चीत ताठ झाले. "बिलकूल नाई, मॅडम! आपण पयलेपासून अपक्ष!"

तेव्हापासून मॅडम सरळ "पोपट, कबुतर, कोंबड्या" अशी यादीच म्हणतात.

*

माझ्या घरचंही सांगून टाकते. सासूबाई रोज सकाळी गच्चीवर चिमण्यांना ज्वारी टाकतात. मी जेवताना या तापाची गोष्ट काय सांगितली, आमच्या ह्यांनी धसकाच घेतला! दुसऱ्या दिवशी पाहते तर हे तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे घालून, दहा फुटांवरून ज्वारी फेकून राहिले. एकही चिमणी खाली उतरेना.

सासूबाई पायरीवर बसून पाहत होत्या. म्हणाल्या, "अरे, मीच भेली तुले, त्या काहून येतीन?"

मी ह्यांना समजावलं, मोकळ्या हवेत चिमण्यांना दाणे टाकायला एवढं भ्यायचं काही कारण नाही. फक्त शी वाळली असेल तर आधी पाणी शिंपडायचं, मग पुसायचं. मास्क गेला. मोजे मात्र अजून आहेत.

*

दर शनिवारी मॅडम अकोल्याला पेशंट पाहतात, मी सोबत असते. तिथे शकील नावाचा लव्हबर्ड विकणारा एक पेशंट. त्याचं दुकान म्हणजे चार फुटांच्या जागेत शंभर पाखरं. त्यालाही हाच ताप आला, गोळ्यांनी बराही झाला. पण त्याच्या बायकोला सातवा महिना होता. मॅडमनी बजावलं, "गरोदरपणात हा आजार फार वाईट जातो. दुकानाची धूळ घरी नेऊ नका. आंघोळ करा, कपडे बदला, मगच घरात जा."

दीड महिन्याने त्याची बायको शबाना तपासणीला आली. नववा महिना लागलेला. मॅडमनी विचारलं, "शकील काळजी घेतो ना?"

"घेते न मॅडम. घरीच नाई येत!"

म्हणजे काय, तर हा पठ्ठ्या भावाकडे राहायला गेला होता. रोज संध्याकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून घरासमोरच्या रस्त्यापलीकडे उभा राहायचा. ही गॅलरीत. मग दोघं एकमेकांकडे पाहत फोनवर बोलायचे. गल्लीतल्या बायकांनी खुर्च्या मांडायच्याच बाकी ठेवल्या होत्या!

मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. "अरे, मी आंघोळ करून घरी जा म्हटलं होतं, घर सोडून जा नव्हतं म्हटलं!"

"मालूम है मॅडम," शकील खाली मान घालून म्हणाला. "पण रिस्क काहून घ्याची?"

आणि शबाना ओढणीत हसत म्हणाली, "राहू द्या मॅडम. लग्नाआधीबी येवढं बोलले नव्हते हे!"

मुलगी झाली. तिला घेऊन आले तेव्हा शकीलने बेसिनवर तीनदा हात धुतले. चौथ्यांदा धुवायला निघाला तेव्हा मॅडमनी बाळच त्याच्या ओल्या हातांत दिलं.

*

आणि हे आबाजी. सत्तरी ओलांडलेले शेतकरी, चांदूर बाजारकडचे. पोपटाच्या तापानेच भरती झाले, ऑक्सिजनवर. रोज दुपारी मंजुळाआजी बसने डबा घेऊन यायच्या, पलंगाजवळ बसायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. आबाजीही भिंतीकडे तोंड करून पडलेले.

सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं. अकरा वर्षं झाली, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. झालं काय होतं, ते पोरांनाही माहीत नाही. घरात जे काय बोलायचं ते पिंजऱ्यातल्या राघूमार्फत. "राघू, त्याईले सांग, पाणी तापलं." "राघू, तिले सांग, येतो." आणि आता राघू शेजाऱ्याच्या गोठ्यात, त्याचं औषध चालू.

पहिल्या दिवशी आजी मला म्हणाल्या, "सिस्टर, त्याईले इचारा, उशी उंच पायजे का." आबाजी दोन हातांच्या अंतरावर पडलेले! मी विचारलं. आबाजी मला म्हणाले, "तिले सांगा, बरी हाय." मी सांगितलं. असे तीन दिवस गेले. वरण पातळ आहे का, पाय दाबू का, शेतात कोण गेलं, सगळं माझ्याच तोंडून.

चौथ्या दिवशी वॉर्डात दोन नवे पेशंट आलेले, मला श्वास घ्यायला फुरसत नाही. आजींनी हाक मारली, "सिस्टर, त्याईले इचारा..."

"आजी, मी काही राघू नाई!" मी म्हटलं. पलंगाभोवतीचा पडदा ओढला आणि निघाले.

निघाले कसली, चार पावलांवर थांबले. बोललेलं मलाच लागलं होतं.

पडद्याआड ऑक्सिजनच्या बाटलीचा बुडबुड आवाज चालू होता. मग मास्कचं इलॅस्टिक ओढल्याचा आवाज आला. मास्क काढायला सक्त मनाई होती. मी परत फिरून पडद्याला हात घातला.

"मंजुळे," आबाजी म्हणाले. आवाज घोगरा, थांबत थांबत येणारा. "जेवली का वं तू?"

माझा हात तिथेच राहिला.

"पयले ते मास्क लावा," आजी म्हणाल्या. "मंग सांगते."