शेषरावभाऊंच्या पोह्यांसमोरचा फूटपाथ

“मॅडम, इथंही गाडी आहे.”

प्रज्ञाच्या काठीचं टोक मोटरसायकलच्या चाकात अडकलं होतं. तिनं ते हळूच सोडवलं, अर्धं पाऊल सरकली, तर काठी पुढच्या गाडीच्या सायलेन्सरवर वाजली. त्यापुढं आणखी एक गाडी. नागपूरच्या सदरमधल्या त्या फूटपाथवर सकाळच्या वेळी पायी चालणारा माणूस सोडून बाकी सगळं उभं होतं.

मी मोबिलिटी इन्स्ट्रक्टर आहे. म्हणजे अंध माणसांना पांढऱ्या काठीच्या मदतीनं एकट्यानं चालायला शिकवते. माझ्या सासरी बरीच वर्षं मी मोबाइल दुरुस्त करते असाच समज होता, आणि मीही तो फारसा खोडून काढला नाही.

प्रज्ञा उमरेडची. जन्मापासून अंध, अभ्यासात हुशार आणि जिभेनं तिखट. सदरच्या एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून तिची निवड झाली होती. वडील प्रल्हादभाऊ कोळसा खाणीतून रिटायर झालेले. त्यांनी अट घातली होती. बस स्टॉपपासून ऑफिसपर्यंत पोरीनं त्यांच्यादेखत एकटीनं जाऊन दाखवायचं. जमलं तर नोकरी, नाही तर घर.

“मी काही तिचा दुश्मन नाही हो मॅडम,” ते मला म्हणाले. “पन रस्त्यावर काही झालं तर तिच्या मायले काय सांगू?”

या प्रश्नाचं उत्तर प्रज्ञानं चालूनच द्यायचं होतं.

रस्ता तसा सोपा होता. स्टॉपवर उतरायचं, उजवीकडची भिंत काठीनं धरायची आणि ती संपेपर्यंत चालायचं. आमच्या कामात अशी एक कड सापडली की अर्धी लढाई जिंकली. अडचण एकाच ठिकाणी होती. शेषरावभाऊंच्या तर्री-पोह्यांच्या, म्हणजे वरून झणझणीत रस्सा घातलेल्या पोह्यांच्या, काउंटरसमोर गिऱ्हाइकं फूटपाथवर गाड्या चढवायची आणि सीटवर प्लेट ठेवून निवांत खायची. मग प्रज्ञाला भिंत सोडून खाली रस्त्यावर उतरावं लागायचं. मागून बस, ऑटो, सगळंच येत असतं. एकदा अशीच उतरली आणि कड चुकून सरळ रस्त्याच्या मधोमध चालू लागली. मी धावत जाऊन तिला ओढलं. त्या दिवशी सोबत आलेल्या प्रल्हादभाऊंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

पण राग यावा तर प्रल्हादभाऊंना. “हे कायद्यात बसते काय?” ते भर फूटपाथवर ओरडले. “उचलून न्या साऱ्या गाड्या!”

कायद्यात बसत नाहीच. फूटपाथ पायी चालणाऱ्यांचा. तिथं वाहन उभं करायला नियमानं मनाई आहे, मग समोर स्वतःचं दुकान असो नाही तर सासऱ्याचं. पोलिस दंड करू शकतात, गाडी उचलून नेऊ शकतात. आम्ही चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराला जाऊन सांगितलं. माणूस भला होता.

“कायदा पुरा आपल्या बाजूनं आहे मॅडम,” तो म्हणाला. “आत्ता उचलतो.”

त्यानं खरंच उचलल्या. दुसऱ्या दिवशी तिथं दुसऱ्या गाड्या होत्या.

मग आम्ही शेषरावभाऊंना गाठलं. ते झारा हातात धरून म्हणाले, “मॅडम, गिऱ्हाइकाले मी गाडी कुठं लाव म्हनून सांगू काय? तो दुसऱ्या ठेल्यावर जाईल ना.”

मी कायदा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात प्रज्ञाच बोलली. “भाऊ, पोहे मस्त आहेत तुमचे. मी रोज इथूनच जाईन. पन रोज रस्त्यावर उतरून गेली, तर किती दिवस येईन ते तुमीच सांगा.”

झारा थांबला. शेषरावभाऊंनी तिच्या हातात एक प्लेट दिली आणि आमच्याकडं पाठ केली. मला वाटलं, गेलं काम.

दुसऱ्या दिवशी स्टॉपवर उतरलो तर त्यांचा आवाज तिथपर्यंत येत होता. “ओ भाऊ, गाडी बाजूच्या गल्लीत! फूटपाथवरच्याले पोहे भेटनार नाही!” गिऱ्हाइकं कुरकुरली, पण गाड्या गल्लीत गेल्या. पोह्यांपुढं नागपूरकराचं काही चालत नाही. त्यापुढचे सगळे दिवस प्रज्ञा भिंत धरून सरळ गेली, आणि तिची चाल बघून मला फार बरं वाटलं.

मग परीक्षेचा दिवस आला. अशा दिवशी मी पंधरा-वीस पावलं मागं राहते आणि जिवावर बेतल्याशिवाय तोंड उघडत नाही. प्रल्हादभाऊंनाही बजावलं होतं. “ऑफिसच्या गेटवर थांबा. आवाज करायचा नाही. तुमचा खोकलासुद्धा ती ओळखते.”

“एक शब्द बोलनार नाही,” त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं.

प्रज्ञा बसमधून उतरली. भिंत सापडली. सुंदर चालत होती. आणि मला पुढं, पोह्यांच्या काउंटरसमोर, बरोब्बर भिंतीला लागून एक मोटरसायकल दिसली. मी शेषरावभाऊंकडं पाहिलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि डोळ्यांनी बाजूला खूण केली. बाजूला प्रल्हादभाऊ उभे होते. हातात प्लेट, तोंडात घास.

नंतर कळलं ते असं. काळजीपोटी माणूस पहाटेच मोटरसायकलवर उमरेडहून निघाला होता, पोटात काही नव्हतं. गेटवरून पोरगी नीट दिसली नसती, म्हणून इथं थांबले. शेषरावभाऊ गाडी काढा म्हणाले तर यांनी सांगितलं, “दोनच मिनिटं गा, पोरगी येऊन राहिली माझी!” पोरीच्या बापाला नाही कोण म्हणणार?

काठी गाडीला लागली. प्रज्ञा थांबली. मागून एक बस येत होती. प्रज्ञा रस्त्यावर उतरेल या भीतीनं माझं पाऊल आपोआप पुढं पडलं. पण ती उतरली नाही. खाली वाकली आणि तिनं हातानं लेगगार्ड चाचपला. त्यावर रंगीत दोरी गुंडाळलेली होती. ती दोरी मागच्या दिवाळीत तिनंच घरी बसून गुंडाळली होती.

ती ताठ उभी राहिली. “बाबा, गाडी काढा.”

प्रल्हादभाऊ माझ्याकडं बघू लागले. त्यांना बोलायला मनाई होती. घास गिळायचीही त्यांना हिंमत होईना.

“बोलू नका,” ती म्हणाली. “मॅडमनं मना केलं असन. फक्त गाडी काढा. मले उशीर होऊन राहिला.”

मग शेषरावभाऊंनी हसायला सुरुवात केली आणि कोणाला आवरेना. प्रल्हादभाऊंनी प्लेट काउंटरवर ठेवली, गाडी स्टँडवरून काढली आणि मान खाली घालून गल्लीकडं ढकलत नेली. प्रज्ञानं काठीनं पुन्हा भिंत धरली आणि ती ऑफिसच्या गेटपर्यंत एकदाही न अडखळता गेली.

प्रल्हादभाऊ मागाहून धापा टाकत आले.

“पास काय मॅडम?”

“तुम्ही सांगा. अट तुमची.”

“मले वाटे, पोरगी दबून जाईन, कोनाले काही म्हननार नाही,” ते म्हणाले. “हिनं तर भर चौकात मलेच हटवलं.” त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि वर म्हणाले, “तर्री लय तिखट होती.”

“बाबा, तर्री घेतली काय?” प्रज्ञा म्हणाली. “डॉक्टरनं मना केलं आहे ना?”

सोमवारी ती कामावर रुजू झाली.

फूटपाथवर गाडी लावू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त आपली दोन मिनिटं त्यात मोजायची नसतात असा एक समज आहे. म्हणून आता मी ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी काठीबद्दल काही सांगण्याआधी घरच्यांना एकच प्रश्न विचारते, तुमची गाडी कुठं लावली आहे? बहुतेक जण चावी घेऊन गुपचूप बाहेर जातात.